बोळातला हंसराज

रेणुकाबाई बेज्जूरहून सासरच्या गावी परत आली ती दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि तेलाचे अकरा डबे घेऊन. डब्यांत तेल नव्हतं, माती होती, आणि मातीत जंगलातले नेचे होते. बसच्या कंडक्टरनं त्या डब्यांपायी आसिफाबादपासून जी कटकट लावली ती आदिलाबाद येईपर्यंत थांबवली नाही, आणि बाईनंही त्याचा एक शब्द खाली पडू दिला नाही. आदिलाबादला बस बदलून तामसी, आणि तामसीहून बैलगाडीनं दोन कोस. गाडी दारात थांबली तेव्हा धाकटी जाऊ मालनबाई उंबऱ्यावर उभी होती. तिनं पाण्याचा तांब्याही पुढं केला नाही.

"आल्या काय बाई?" मालन म्हणाली. "बरं झालं. पण हे डबे कायचे? जंगल उपटून आणलं काय?"

"तुह्या बापाचं नाई आणलं," रेणुकाबाई म्हणाली, आणि पहिला डबा स्वतःच उतरवला.

हे झालं स्वागत. पुढचं सगळं याच चालीवर गेलं.

रेणुकाबाईचा नवरा भिवाजी फारेस्ट गार्ड होता. वीस वर्षं बेज्जूरच्या जंगलात काढली आणि त्या उन्हाळ्यात तापानं आठ दिवसांत गेला. पोटी मूल नाही. महिन्याभरात क्वार्टर खाली करा म्हणून तेलुगूत कागद आला, तो तिनं शेजाऱ्याकडून वाचून घेतला आणि चुलीत घातला. राहता राहिलं गावातलं घर. दोन भावांची दोन घरं शेजारी शेजारी, त्यातलं थोरल्याचं. वीस वर्षं ते धाकट्या माणिकरावनं, खरं म्हणजे त्याच्या बायकोनं, मालननं, वापरलं होतं. एका खोलीत कापूस, दुसरीत कडबा, ओसरीवर शेळ्या. रेणुकाबाईनं तीन दिवसांत सगळं बाहेर काढलं आणि चौथ्या दिवशी ती बोळात शिरली.

हा बोळ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी जळजळ त्याच्यापायी झाली. दोन घरांच्या मधे चार हात रुंद, वीस हात लांब. दोन्ही बाजूंना उंच मातीच्या भिंती, वर दोन्हीकडचे पत्रे पुढं आलेले. ऊन आत यायचं ते भर दुपारी अर्धा घंटा, तेही पट्टीएवढं. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा तो कुणाच्याच नावावर चढला नाही, कारण तेव्हा तो कुणाला नकोच होता. मालनचं मागचं दार बोळात उघडायचं आणि तिथं ती चुलीसाठी पऱ्हाट्या रचायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. रेणुकाबाईच्या अंगणात मात्र सकाळपासून सांजेपर्यंत उघडं ऊन. त्या उन्हात नेचा दोन दिवस टिकला नसता. तिला नेचे जगवायचे होते आणि त्यासाठी तिला बोळ हवा होता. मागणं एवढंच होतं, पण ते तिनं मागितलं असतं तर ती रेणुकाबाई कसली! तिनं पऱ्हाट्या उचलल्या आणि मालनच्या अंगणात नेऊन टाकल्या.

मालन वावरातून आली, तिनं तो ढीग पाहिला आणि डोक्यावरचं गाठोडं खाली आपटलं.

"कोणं टाकल्या ह्या?"

"मी. मले जागा लागते."

"तुमाले जागा लागते? वीस वर्सं कुठी होत्या तुमी? सासू अंथरुणावर पडली, तिचं हगणंमुतणं काढाले मालन. तिच्या पाठीले जखमा झाल्या, त्या धुवाले मालन. अन् आता जागा लागते बाईले!"

"सासूचं केलं म्हणून माझं घर वीस वर्सं खाल्लं ना तू? फिटलं मंग. पऱ्हाट्या उचल, नाई तं पेटवून देईन."

दीर माणिकराव ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "जाऊ दे वं मालन, वयनी नवीन नवीन आली." त्यावर दोघींनी मिळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बैलांना पाणी पाजायला गेला. त्या दोघी एकमतानं वागल्या असा तो एवढाच प्रसंग.

रेणुकाबाईनं बोळात अकरा खड्डे केले. तळाला विटांचे तुकडे, वर कुजलेला सागाचा पाला, मग बेज्जूरची भुसभुशीत माती. ठोंब फार खोल गाडायचा नाही, त्याचा माथा मोकळा राहिला पाहिजे. पाणी बुडाशी, पानावर नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भिवाजी आठ आठ दिवस फेरीवर जायचा, क्वार्टरमागं ओढा होता, आणि ओढ्याच्या काठाला हंसराज. काळी, तारेसारखी बारीक दांडी आणि पंख्यासारखी पानं. तो घरी आणून जगवायला तिला तीन वर्षं लागली होती. दुसरी एक उंच जात होती, तिला तिथले कोलाम आदिवासी काय म्हणत ते तिच्या जिभेवर कधी बसलं नाही, पण जगली तीही. त्या रानात ती ज्यांच्याशी बोलायची ते हे अकरा ठोंब. माणसांशी तिचं कधी फार जमलं नाही हे तर दिसतंच आहे.

आषाढात बोळ हिरवागार झाला. काळ्या मातीचं, कापसा-ज्वारीचं गाव ते. जंगल फारसं कुणी पाहिलेलं नाही आणि असलं झाड तर अजिबात नाही. बाया बघायला यायच्या, "काय माय नाजूक पानं, जशी जाळीच," म्हणायच्या. शेजारच्या गयाबाईच्या नातवाला ताप आला तेव्हा रेणुकाबाईनं मूठभर हंसराज उकळून काढा दिला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो काढ्यानं उतरला की आपणहून, देव जाणे, पण गावात नाव झालं. मग कुणाचं पोर कोमट झालं की आई बोळाच्या तोंडाशी हजर. मालनच्या दारावरून जायचं, मालनशी न बोलता, आणि पानं घेऊन परत. मालनचा तिळपापड व्हायचा.

"गवत लावलं अन् जागा गिळली," ती विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "पाह्यजा तुमी, एक दिवस उपटून बैलापुढं टाकते का नाई."

हे वाक्य तिला महाग पडणार होतं.

दिवाळी झाली. कपाशीवर शेवटची फवारणी झाली आणि माणिकरावनं औषधाचा पंप आणून अंगणात ठेवला. दुसऱ्या दिवशी मालननं तो धुतला, आणि धुतला कुठं, तर बोळाच्या तोंडाशी. ते पाणी नालीनं रस्त्याकडे वाहून गेलं. बोळात एक थेंबही गेला नाही. रेणुकाबाई दारातूनच बघत होती. तिनं चांगलं बघितलं. गयाबाई आणि आणखी दोघी पाण्याला निघाल्या होत्या, त्यांनीही पंप धुताना पाहिलं.

पौष लागला आणि नेचे पिवळे पडले. आधी कडा, मग अख्खी पानं. दांड्या वाकल्या, मोडल्या, आणि पंधरा दिवसांत बोळात तपकिरी कचरा तेवढा राहिला.

आता रेणुकाबाईला यात नवल काहीच नव्हतं. बेज्जूरला तिनं हे दरवर्षी पाहिलं होतं. थंडी सरता सरता हंसराज वरून मरतो, उन्हाळाभर जमिनीखाली निजून राहतो आणि मृगात पुन्हा डोकं वर काढतो. पहिल्या वर्षी ती रडली होती, तेव्हा एका कोलाम म्हातारीनं तिला माती उकरून दाखवलं होतं की बाई, हे जितं आहे. म्हणून आता गयाबाई आली आणि तिनं तोंडावर हात मारून "अवं माय, हे काय झालं?" विचारलं, तेव्हा खरं उत्तर रेणुकाबाईच्या ओठांवरच होतं. निजलंय, मृगात उठेल. दोन शब्दांचं काम.

पण गयाबाई लगेच म्हणाली, "औषध तं नाई पडलं ना वं? त्या दिवशी ती पंप धूत होती, म्या पाह्यलं."

रेणुकाबाईनं मालनच्या दाराकडे पाहिलं. तिला विहिरीवरचं ते बोलणं आठवलं. न दिलेला पाण्याचा तांब्या आठवला.

"मी कायले कोनाचं नाव घेऊ," ती म्हणाली. "तू पाह्यलं ते पाह्यलं."

झालं. सांजेपर्यंत गावभर झालं की मालननं जावेच्या रागानं लेकरांचं औषध जाळून टाकलं.

सरपंच डोमाजी चार माणसं घेऊन बोळात आला. सगळे कपाशीवाले. एकेकानं वाळकं पान उचललं, उजेडात धरलं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. कपाशीच्या पानावरचा रोग हे लोक चालत्या बैलगाडीतून ओळखायचे, आणि त्याच डोळ्यानं त्यांनी नेचा वाचला.

"कडेपासून जळलं," डोमाजी म्हणाला. "औषध जास्ती झालं का असंच जळते. माह्या वावरात गेल्या साली कपाशीची दोन तासं, दोन पुऱ्या ओळी, अशीच गेली. हे फवाऱ्याचंच काम हाये."

"नाई!" मालन किंचाळली. "म्या शिव्या देल्या, हव. म्या उपटीन म्हणलं, हव. पण म्या हात नाई लावला. सासरी नांदणाऱ्या माह्या लेकीची आण घेते. पाणी नालीत गेलं, बाईनं पाह्यलं! विचारा बाईले! बाई, तुमी दारातच होत्या. सांगा ना!"

सगळ्यांनी रेणुकाबाईकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. मालनच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पाहून रेणुकाबाईला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

"माझं ध्यान नव्हतं," ती म्हणाली.

डोमाजी निकाल सांगणार तेवढ्यात नागनाथ म्हातारा मधे बोलला. तो तरुणपणी नेरडीगोंड्याकडच्या रानात गुरं चारायचा. "थांबा बाप्पा," तो म्हणाला. "काही झाडं वरून मरतात अन् खाली जिती राह्यतात. म्या पाह्यलेली हायेत. हे त्यातलं हाये का नाई, मले ठाऊक नाई. पण पाण्याचे दिवस येऊ द्या."

डोमाजीनं मान डोलावली. त्याला ते पटलं, आणि त्यानं असा निकाल दिला: नागपंचमीपर्यंत थांबायचं. औषधानं मूळ मेलं असेल तर पाणी पडूनही काही यायचं नाही. तसं झालं तर मालन खोटी, बोळ रेणुकाबाईचा, मालनचं मागचं दार चिणून टाकायचं आणि मालननं मारोतीच्या पारावर माफी मागायची. पण एक जरी पान फुटलं तरी मालन खरी. मग बोळ मालनचा, आणि माफी मागायची रेणुकाबाईनं. तोवर बोळात कुणी कुदळ-विळा चालवायचा नाही.

"कबूल?" डोमाजीनं विचारलं.

"कबूल!" मालन म्हणाली. "एकदम कबूल."

नाही म्हणायला रेणुकाबाईजवळ तोंड कुठं होतं? नाही म्हटलं असतं तर तिथंच उघडी पडली असती. तिनं मान हलवली.

संक्रांतीला मालननं हळदीकुंकू मांडलं. दरवर्षी ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, त्या वर्षी दोघीच आल्या, त्याही मागच्या गल्लीनं. रेणुकाबाईला विधवा म्हणून कुठलंच बोलावणं नव्हतं. ती आपल्या दारात बसून समोरची रिकामी ओसरी बघत होती, आणि ताटातले तिळाचे लाडू मालन एकेक करून परत डब्यात भरत होती. बस तशीच, म्हणत होती रेणुकाबाई मनात. बस.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. आनंद ओसरला आणि भीती राहिली. मृगाला अडीच महिने, मग दोन, मग दीड. नेचे वर येणार होते, येणारच होते, ती त्यांना ओळखत होती. अख्खं गाव जमणार, नागनाथ म्हातारा दात नसलेलं तोंड पसरून हसणार आणि खोटारडी म्हणून पारावर आपल्याला उभं करणार. बोळ तर जाईलच. पण मालन! मालन जन्मभर समोर राहणार, आणि रोज सकाळी ते तोंड बघावं लागणार.

आणि मग आखजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, मालननं नेच्यांना पाणी घालायला सुरुवात केली. दोन कळशा विहिरीवरून, भर वैशाखात, जेव्हा माणसांना प्यायला पुरेना. स्वतःची अब्रू वाचवायची तर ते जगलेच पाहिजेत, एवढं तिला कळलं होतं. गुडघ्यावर बसून ती एकेका ठोंबाशी तांब्यानं पाणी सोडायची. पाणी बुडाशी, पानावर नाही. कुठून शिकली? वर्षभर दाराच्या फटीतून शिव्या घालत बघत होती, तेव्हाच शिकली. दुपारची उन्हाची पट्टी येते तिथं तिनं पोतं बांधलं. वाळका पाला आणून ठोंबांच्या माथ्यावर पांघरला.

"येजो रे बाप्पा," ती पुटपुटायची. "एक तं येजो."

भिंतीपलीकडून रेणुकाबाई ऐकायची आणि दात खायची. तिची झाडं, तिची माती, आणि ही त्यांना बाप्पा म्हणते!

वैशाखाच्या शेवटी एका सकाळी मालन विहिरीवर गेली असताना रेणुकाबाई बोळात शिरली. तिसऱ्या ठोंबावरचा पाला तिनं बाजूला केला. तिथं करंगळीच्या नखाएवढ्या तीन कुरळ्या मुठी वर आल्या होत्या, तपकिरी लव असलेल्या, घट्ट मिटलेल्या. पाणी मिळालं म्हणून मृगाआधीच उठल्या होत्या. तिच्या तोंडून आपसूक "आली माझी बाय" असं निघालं. हात पुढं गेला, बोट लागलं. आणि मग तिला कळलं की आपण काय बघतो आहोत. मालनच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, म्हणून तिला अजून दिसलं नव्हतं. चार दिवसांत पान उलगडलं की दिसलं असतं. तिनं पाला परत ओढला आणि ती घरात जाऊन बसली.

थोड्या वेळानं दारात मालन उभी. नवं लुगडं, डोक्यावर पदर. पाच महिन्यांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाच्याचं लगीन हाये आदिलाबादले," मालन भिंतीकडे बघत म्हणाली. "मी अन् हे, दोघं बी चाललो. यायले उशीर होईन. बाई, सांजच्याले पाणी टाकजा त्यायले. माह्यासाठी नका टाकू. तुमची झाडं हायेत म्हणून टाकजा."

उत्तराची वाट न बघता ती गेली. माणिकराव मागं पिशवी घेऊन.

रेणुकाबाई दुपारपर्यंत हलली नाही. गाव जेवून आडवं झालं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. तेव्हा ती उठली, परसात तीन दगडांची चूल मांडली आणि मोठा हंडा चढवला. कुदळ-विळा चालवायचा नाही असं ठरलं होतं. पाण्याचं कुणी बोललं नव्हतं. खाली घालायला तिनं मालनच्याच पऱ्हाट्या घेतल्या, त्या पटकन पेटतात. पाणी खदखदायला लागलं तसं तिनं तांब्याला फडकं गुंडाळलं.

पहिल्या ठोंबावर तिनं पुरा तांब्या ओतला. दुसऱ्यावरही. मातीतून वाफ आली आणि तिला बेज्जूरच्या ओढ्याचा वास आला, ओल्या पाल्याचा. तिसऱ्याशी ती थांबली. त्या तीन मुठी तिनं पुन्हा उघड्या करून पाहिल्या. इतकी वर्षं ज्यांना वाढवलं, नवरा गेल्यावर ज्यांच्यासाठी कंडक्टरशी भांडली, ज्यांच्यासाठी हा बोळ हवा होता! आता बोळ हवा तर यांना मारायचं. म्हणजे बोळ कशाला हवा? हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आपल्याला वाटतं तितकी ती मूर्ख नव्हती. पण त्याच्याच मागं तिला पार दिसला, गाव दिसलं, आणि मालनचं हसतं तोंड.

"मले नाई हसू द्यायचं तिले," ती मोठ्यानं म्हणाली, आणि ओतलं. मुठी क्षणात काळ्या पडून लोळल्या. पुढचे आठ ठोंब तिनं भराभरा केले, एकेकाला दोन दोन तांबे, मुळापर्यंत मुरेल असं. पायावर उडालं, फोड आला, तरी थांबली नाही. शेवटी पाला जिथल्या तिथं पांघरला, चुलीचे दगड हलवले आणि राख सारवून टाकली.

दिवेलागणीनंतर मालन परतली. कंदील घेऊन आधी बोळात डोकावली. माती ओली होती.

"टाकलं काय बाई पाणी?" तिनं भिंतीपलीकडून विचारलं.

"टाकलं," रेणुकाबाई म्हणाली. खोटं बोलायची गरजच पडली नाही.

"बरं झालं माय," मालन म्हणाली. पाच महिन्यांतला तो पहिला गोड शब्द.

मृग आला, बरसला. आर्द्रा झाली. बोळात दोन्ही भिंतींच्या कडेला तरोटा उगवला, शेवाळ धरलं, पण खड्ड्यांतून काही आलं नाही. मालन रोज सकाळी गुडघ्यावर बसून माथ्यावर बोटं फिरवायची. पुनर्वसूत ती पुटपुटायची थांबली. तिचं जेवण कमी झालं. एकदा तिनं माणिकरावला विचारलेलं रेणुकाबाईनं ऐकलं, "अवो, त्या दिवशी वारा होता काय? म्या पंप उपडा केला तवा?" माणिकराव म्हणाला, "वारा असंन बी. आता कोनाले आठवते?"

नागपंचमीला बाया वारुळाची पूजा करून आल्या आणि माणसं बोळात जमली. डोमाजीनं स्वतः बोटानं एक ठोंब हलवला. तो सडक्या दोरीसारखा हातात आला. नागनाथ म्हाताऱ्यानं वास घेतला आणि मान खाली घातली. "मुळातून गेलं बाप्पा," तो म्हणाला. "मालनबाई, माझी चूक झाली, म्या उगाच आस लावली."

सगळे मारोतीच्या पारावर गेले. रेणुकाबाईनं मनाची तयारी केली होती. मालन आकांड करेल, छाती बडवेल, शिव्या देईल, शाप देईल. त्याला काय उत्तर द्यायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. वैशाखापासून तिनं याच तासाची वाट पाहिली होती.

मालन पुढं आली. ती रडत नव्हती. वाळली होती, कानशिलं आत गेली होती.

"म्याच मारले असतीन," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"म्या मुद्दाम नाई केलं. लेकराची आण घेतली ते खोटी नाई. पण उडालं असंन पाणी. वारा असंन. आखजीपासून म्या पाणी घातलं, बाईनं बी एक दिवस घातलं, सगळं केलं, तरी नाई आले. औषधाबिगर असं कायनं होईन?" तिनं रेणुकाबाईकडे पाहिलं. "मी उपटते उपटते म्हणत होती ना बाई तुमाले, तोंडानं. ते लागलं. लेकराच्या औषधाचं झाड माह्या हातानं गेलं."

आणि एवढ्या गावासमोर मालननं वाकून रेणुकाबाईचे पाय धरले. धरले ते सोडेना. कपाळ तिच्या पावलावर टेकवलं, जिथं त्या दुपारचा फोड फुटून चट्टा पडला होता. तिथं मालनच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि रेणुकाबाईला पाय मागं घ्यावासा वाटला, पण घेता येईना.

"मालन," ती म्हणाली.

"तुमी माफ केलं म्हणा बाई. मले रात रात झोप नाई. तुमी नुसतं म्हणा."

रेणुकाबाईनं तोंड उघडलं. दोन शब्दांचं काम होतं. पारावर सगळं गाव उभं होतं. गयाबाई पदरानं डोळे पुसत होती आणि डोमाजी रेणुकाबाईकडे बघून, बोला बाई, बोला, अशी मान हलवत होता.

"केलं माफ," रेणुकाबाई म्हणाली.

"केवढं मन म्हणावं बाईचं," गयाबाई शेजारणीला म्हणाली, आणि माणसं दार चिणायला माती कालवायला गेली.